बिब्बा व गोडंबी : संग्रह, शोधन आणि आहारातील विनियोग

प्रास्ताविक

मराठीत एखाद्या सुरळीत चाललेल्या कामात विघ्न आणणे याला 'बिब्बा घालणे' असे म्हणतात. ज्या फळाच्या नावाचा असा वाक्प्रचार झाला, त्याच फळाच्या आतील मगज मात्र आपल्या घराघरांत थंडीच्या दिवसांत डिंकाच्या लाडवांत घातला जातो. लाडवात लागणारी गोडंबी आणि अंगावर उतणारा बिब्बा या दोन वस्तू एकाच झाडाच्या, एकाच फळाच्या आहेत, हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते. काही तरुण वैद्यांनाही गोडंबी केवळ सुकामेव्याच्या दुकानातील वस्तू म्हणून परिचित असते.

भल्लातकाविषयी वैद्यवर्गात दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. काही जण उताराच्या भीतीने हे द्रव्य औषधालयात ठेवीतच नाहीत. काही जण परंपरेचा हवाला देऊन ते निष्काळजीपणे वापरतात. दोहोंमुळे हानी होते ती रुग्णाचीच. म्हणून प्रस्तुत लेखात आपण या फळाचा प्रवास रानातील संग्रहापासून औषधालयातील शोधनापर्यंत आणि तेथून स्वयंपाकघरापर्यंत क्रमाने पाहू.

नामे व ओळख

भल्लातकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव सेमेकार्पस अनाकार्डियम असे असून आंबा व काजू यांच्याच कुलातील हा पानझडी वृक्ष आहे. सेमेकार्पस या शब्दाचा अर्थ 'खूण करणारे फळ' असा होतो. परीट मंडळी कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचा चीक चुन्यासह वापरीत असत; ती खूण धुण्याने जात नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांना गणवेशावरील अशा खुणांच्या जागी त्वचेवर पुरळ व फोड येऊ लागले आणि १९४३ मध्ये त्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात झाली. वाळलेल्या, धुतलेल्या कापडावरील खुणेतही चिकाचा दाहक गुण टिकून राहतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

संस्कृत नावे तर अधिकच बोलकी आहेत. अरुष्कर म्हणजे व्रण उत्पन्न करणारा, शोफकृत् म्हणजे सूज आणणारा, अग्निमुख म्हणजे ज्याच्या मुखी अग्नी आहे असा. निघंटुकारांनी गुण सांगण्यापूर्वी नावातच इशारा देऊन ठेवला आहे.

फळ सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, किंचित तिरके, चपटे व पिकल्यावर काळेभोर, चकचकीत असते. ते काजूप्रमाणेच एका मांसल, पिवळ्या-केशरी बोंडावर बसलेले असते. संग्राहकाने या बोंडाची खूण विसरू नये. कोकणात व सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात होलिगार्ना या प्रजातीच्या वृक्षांना 'रानबिब्बा' म्हणतात. त्यांचा चीकही त्वचेवर फोड आणतो, परंतु त्यांच्या फळाखाली असे रंगीत मांसल बोंड नसते. ते द्रव्य भल्लातक नव्हे. बोंड काढून सुकविलेला माल विकत घेताना ही खूण हाती राहत नाही. म्हणून शक्य तेथे संग्राहकाशी थेट संबंध ठेवणे हिताचे.

एक फळ, तीन द्रव्ये

भल्लातक समजून घेण्याची गुरुकिल्ली भावप्रकाशात आहे. तेथे फळ, मज्जा व वृंत यांचे गुण स्वतंत्रपणे सांगितले आहेत.

१) फळ (कवचासह) : कषाय रस, मधुर विपाक, लघु, स्निग्ध, तीक्ष्ण, उष्ण, पाचन, छेदन, भेदन, मेध्य व अग्निवर्धक, कफवातहर. अर्श, ग्रहणी, गुल्म, उदर, कुष्ठ, कृमी यांवर उपयुक्त.

२) मज्जा, म्हणजे आपली गोडंबी : मधुर, वृष्य, बृंहण आणि वातपित्तहर.

३) वृंत, म्हणजे मांसल बोंड : मधुर, पित्तघ्न, केश्य व अग्निदीपक.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या फळाचे कवच अग्नीसमान तीक्ष्ण, त्याच फळाची मज्जा व देठ पित्ताचे शमन करणारे सांगितले आहेत. आधुनिक रसायनशास्त्राने हाच भेद दुसऱ्या भाषेत मांडला आहे. कवचाच्या जाळीदार मधल्या थरात जो काळपट, तेलकट चीक असतो, त्यात भिलावनॉल नावाची कॅटेकॉल वर्गातील द्रव्ये असतात. ती अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या विषारी वेलीतील उरुशिऑलची जवळची नातलग आहेत. गोडंबीत मात्र खाद्य तेल व प्रथिने असतात. दाहकता कवचात आहे, बियांत नाही. अर्थात फोडताना कवचाचा चीक मज्जेला लागला, तर हा भेद व्यवहारात पुसला जातो. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याभोवती फिरते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात भल्लातकास्थीचा समावेश दीपनीय गणात, अरुष्कराचा कुष्ठघ्न गणात व भल्लातकाचा मूत्रसंग्रहणीय गणात केलेला आहे, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

संग्रह

विदर्भातील कोरड्या पानझडी जंगलांत, सातपुड्याच्या रांगांत व मराठवाड्याच्या काही भागांत बिब्ब्याची झाडे आढळतात. आपल्याकडे फळे साधारणपणे हिवाळ्यात पिकतात व उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत झाडाखाली मिळतात.

चरकाचार्यांनी रसायनपादात संग्रहाचे निकष दिले आहेत. फळे किडीने वा अन्य कारणाने दूषित नसावीत, रस, प्रमाण व वीर्य यांनी परिपूर्ण असावीत, पिकलेल्या जांभळाप्रमाणे दिसावीत. ती ज्येष्ठ किंवा आषाढ महिन्यात गोळा करून यवाच्या अथवा उडदाच्या राशीत ४ महिने ठेवावीत आणि मार्गशीर्ष वा पौषात त्यांचा प्रयोग आरंभावा, असा आदेश आहे.

आपल्याकडील फळधारणेचा काळ या महिन्यांशी जुळत नाही, अशी शंका अभ्यासू वैद्य नेहमी घेतात. आमच्या मते या वचनातील तीन तत्त्वे महिन्यांच्या नावांहून महत्त्वाची आहेत : फळ पूर्ण पक्व असावे, ते धान्यराशीत किमान ४ महिने मुरलेले असावे, आणि प्रयोग हेमंतात व्हावा. माघ-फाल्गुनात गोळा केलेले फळ पुढील मार्गशीर्षात वापरले तर ही तिन्ही तत्त्वे पाळली जातात. ताजे बिब्बे त्याच महिन्यात औषधात घालणे मात्र या वचनाच्या सरळ विरुद्ध जाते. धान्यराशीसाठी वापरलेले धान्य पुन्हा खाण्यात येऊ नये, हे औषधालयातील नोकरवर्गास स्पष्टपणे सांगून ठेवावे.

संग्रह करताना पुढील दक्षता घ्यावी.

• फळ झाडावरून ओरबाडू नये. पिकून पडलेले वेचावे. हिरव्या फळाचा व सालीचा चीक अधिक वाहता असतो.
• अंगभर कपडे, जाड हातमोजे व पायांत जोडे असावेत. या वर्गातील चीक लॅटेक्सच्या पातळ हातमोज्यांतून आरपार जाऊ शकतो. नायट्रिलचे जाड हातमोजे घ्यावेत.
• घामेजलेला हात चेहऱ्याला, डोळ्यांना लावू नये. घरी आल्यावर कपडे, विळा, टोपली स्वतंत्रपणे साबणाने धुवावीत.
• बिब्ब्याची लाकडे, टरफले कधीही जाळू नयेत. धुराबरोबर दाहक अंश डोळ्यांत व श्वासमार्गात जातो.

बोंडाला लागलेला चीक पुसून ती सुकविल्यावर खाण्याची चाल वनवासी व ग्रामीण भागांत आहे. फळ ओढून तोडताना देठाशी चीक पाझरतो. म्हणून बोंडाचा टोकाकडील भाग कापून टाकण्याची पद्धत योग्य होय.

गोडंबी फोडणाऱ्या हातांविषयी

बाजारात पांढरीशुभ्र गोडंबी पाहताना ती तेथवर कशी पोहोचली याचा विचार क्वचितच होतो. विदर्भातील काही गावांतून स्त्रिया वाळलेले बिब्बे एकेक करून दगडावर ठेवून फोडतात. हातांना राख वा तेल लावतात, बोटांना चिंध्या गुंडाळतात. तरीही फोडताना चिकाचा फवारा उडतो. हात, मनगटे, चेहरा यांवर काळे डाग व व्रण उठतात आणि ते भरून येण्यापूर्वी पुन्हा काम सुरू होते. एका किलो गोडंबीमागे किती फळे फोडावी लागतात हे ज्याने पाहिले आहे, तो गोडंबीचा भाव महाग म्हणणार नाही.

वैद्य म्हणून आपले येथे दुहेरी कर्तव्य आहे. या स्त्रिया आपल्या रुग्ण आहेत, आणि त्यांच्या श्रमाचा माल आपण विकतो. औषधालयचालकांनी दलालाकडून घेण्याऐवजी अशा गटांकडून थेट खरेदी करावी, खरेदीबरोबर डोळ्यांचे चष्मे, नायट्रिलचे हातमोजे व साबण द्यावा, आणि फळ हातात धरून फोडण्याऐवजी चिमट्यात वा पायाने चालणाऱ्या अडकित्त्यात धरून फोडण्याची सोय करून द्यावी. काजूच्या उद्योगात अशी साधने रूढ आहेत. गोडंबीसाठी ती जुळवून घेणे अवघड नाही.

अनेकांची समजूत असते की एकदा बिब्बा उतला नाही म्हणजे तो आपल्याला 'मानवतो'. ही समजूत घातक आहे. हा विकार विलंबित अतिसंवेदनशीलतेचा आहे. पहिल्या संपर्कात शरीर केवळ संवेदित होते. पुढील संपर्कानंतर १ ते ३ दिवसांनी लाली, खाज, फोड उठतात. त्यामुळे वर्षानुवर्षे बिब्बे हाताळणाऱ्या व्यक्तीलाही एखाद्या हंगामात तीव्र उतार होऊ शकतो.

औषधालयातील शोधन

शोधनापूर्वी फळे पाण्यात टाकून पाहावीत. बुडतील ती घ्यावीत, तरंगतील ती टाकून द्यावीत. तरंगणारी फळे पोकळ वा किडलेली असतात. देठाचा भाग काढून टाकावा.

प्रचलित शास्त्रोक्त पद्धतीनुसार फळे ७ दिवस गोमूत्रात व नंतर ७ दिवस गोदुग्धात भिजवितात. द्रव रोज बदलतात व फळे धुतात. त्यानंतर विटेच्या भरड चुऱ्यासह जाड पिशवीत घालून ३ दिवस घासतात. वीट तेल शोषून घेते व कवचाचा वरचा थर निघून जातो. शेवटी गरम पाण्याने धुऊन वाळवितात. नारळाच्या पाण्यात स्वेदन करण्याचीही परंपरा आहे. पद्धत कोणतीही असो, तिची नोंद बॅचच्या नोंदवहीत तारखेनिशी व्हावी. 'शुद्ध भल्लातक' म्हणून बाजारातून आणलेल्या मालावर विसंबू नये.

वापरलेले गोमूत्र, दूध व विटेचा चुरा यांत बराच चीक उतरलेला असतो. हा भाग अनेक औषधालयांत दुर्लक्षिला जातो. दूध जनावरांना पाजू नये, चुरा अंगणात टाकू नये. लोकवस्ती व विहीर यांपासून दूर खोल खड्ड्यात पुरावे.

औषधे नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये भल्लातकाचा समावेश विषारी द्रव्यांत केलेला आहे. म्हणून संजीवनी वटी, अमृतभल्लातक, नारसिंह चूर्ण यांसारख्या पोटात घ्यावयाच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. संजीवनी वटीत वत्सनाभही असतो हे विक्रेत्याने ध्यानी ठेवावे. ही गोळी काउंटरवरून मागेल त्यास देण्याची नव्हे.

प्रयोगाची मर्यादा

चरकाचार्यांनी सांगितलेला वर्धमान प्रयोग प्रसिद्ध आहे. १० फळांपासून आरंभ, आठपट पाण्यात काढा करून अष्टमांश उरवणे, मुखात तूप माखून दुधासह पिणे, रोज एक फळ वाढवीत ३० पर्यंत जाणे व तसेच उतरणे. परंतु त्याआधीची अट वाचल्याशिवाय हा प्रयोग वाचू नये : शरीर शीत, स्निग्ध व मधुर द्रव्यांनी संस्कारित झालेले असावे. औषध पचल्यावर दूध, तूप व भात, आणि प्रयोगानंतर दुप्पट काळ दुग्धप्रधान आहार. आजच्या रुग्णाचे बल, त्याची मूत्रपिंडे व त्याचा आहार पाहता ही मात्रा बाह्यरुग्ण विभागात देण्याचा विचारही करू नये.

पित्तप्रकृती, बालक, वृद्ध, गर्भिणी, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेले व वृक्कविकाराचे रुग्ण यांना भल्लातक देऊ नये. ग्रीष्म व शरद ऋतूंत ते टाळावे. सेवनकाळी ऊन, अग्निसान्निध्य, मीठ, आंबट, तिखट व मद्य वर्ज्य करावे. लघवीचे प्रमाण घटणे, ती गडद होणे, सर्वांगास खाज सुटणे यांपैकी एकही लक्षण दिसताच औषध तत्काळ बंद करून वृक्कांची तपासणी करावी.

घरगुती प्रथांबद्दलही सांगितले पाहिजे. दाभणाला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून त्याचे तेल थेंबाथेंबाने दुधात पाडून देण्याची, तसेच पायाच्या भेगांत गरम बिब्बा घालण्याची चाल अद्याप आढळते. यात शोधन नाही, मात्रेचा निश्चय नाही, आणि प्रकृतीचा विचार नाही. रुग्णास विचारल्याशिवाय तो हे सांगत नाही. म्हणून अचानक उठलेल्या फोडांच्या रुग्णास 'घरी बिब्बा वापरला का?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

उतल्यास काय करावे

चीक लागताच भरपूर पाणी व साबणाने ती जागा, विशेषतः नखांखालचा भाग, धुवावा. आधी तेल चोळू नये; न धुतलेला चीक तेलाबरोबर पसरतो. धुतल्यानंतर खोबरेल तेल, शतधौत घृत, अथवा तीळ व लोणी वाटून केलेला लेप लावावा. कोथिंबिरीचा रस लावण्याचीही प्रथा आहे. आहारात दूध, तूप, ओले खोबरे द्यावे. फोड फोडू नयेत. चेहरा, डोळे वा गुह्यांग यांवर सूज, ताप, श्वासास त्रास किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे असल्यास रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. तेथे स्टेरॉइड देण्याची गरज पडली तर वैद्याने त्यात कमीपणा मानू नये.

स्वयंपाकघरातील गोडंबी

चरकोक्त भल्लातकाचे १० कल्प पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. त्यांत घृत, क्षीर, क्षौद्र व तैल यांबरोबर गूळ, यूष, पलल, सक्तू, लवण व तर्पण हेही आहेत. म्हणजे तीळकूट, सातू, कढण यांसारख्या आहारपदार्थांतून द्रव्य देण्याची दृष्टी ग्रंथकारांची होती. गोडंबीच्या रूपाने ती दृष्टी आपल्या घरांत जिवंत राहिली आहे.

निवड : गोडंबी अखंड, हस्तिदंती रंगाची, खमंग वासाची असावी. काळे वा तपकिरी डाग असलेले दाणे सरळ काढून टाकावेत. खवट वास आल्यास सर्व माल परत करावा. परटाच्या खुणेचे तत्त्व वापरून एक सोपी परीक्षा करता येते : पांढऱ्या सुती कापडाला ओलसर चुना लावून त्यात मूठभर दाणे घोळवावेत. कापडावर काळपट खुणा उमटल्या तर चीक लागलेला आहे असे समजावे. परीक्षेस घेतलेले दाणे टाकून द्यावेत. खूण न उमटणे ही मात्र शुद्धतेची पूर्ण हमी नव्हे. डोळ्यांनी निवडणे चुकवू नये.

पूर्वसंस्कार : निवडलेले दाणे गरम पाण्यात घालून लगेच निथळावेत, स्वच्छ कापडाने पुसून सावलीत सुकवावेत, व मंद आचेवर थोड्या तुपात गुलाबीसर परतावेत. तूप व मधुर रसाची जोड ही येथेही ग्रंथांशी सुसंगत आहे.

डिंकाचे लाडू : डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड २५० ग्रॅम, किसून भाजलेले सुके खोबरे २५० ग्रॅम, गोडंबी १०० ग्रॅम, भाजलेली खसखस ५० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, तूप सुमारे २०० ग्रॅम, वेलची व जायफळ चवीपुरते. डिंक तुपात फुलवून जाडसर कुटावा, गोडंबी वरीलप्रमाणे परतावी, उरलेल्या तुपात गुळाचा कच्चा पाक करून सर्व जिन्नस मिसळावेत व गरम असतानाच लाडू वळावेत. हेमंत-शिशिरात, अग्नी उत्तम असलेल्यास सकाळी एक लाडू दुधासह पुरे.

गोडंबीची रस्साभाजी : गोडंबी दोन तास कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. भाजलेला कांदा, सुके खोबरे व खसखस यांच्या वाटणात, माफक काळ्या मसाल्यासह ती शिजवावी. तिखटाचा मारा केल्यास मज्जेचा पित्तशामक गुण उरणार नाही.

मर्यादा : प्रथमच खाणाऱ्याने दोन-तीन दाण्यांपासून आरंभ करावा. ज्यांना काजूचे वावडे आहे, आंब्याच्या चिकाने ओठ वा हात उततात, किंवा पूर्वी बिब्बा उतलेला आहे, त्यांनी गोडंबी टाळावी. कुल एकच असल्याने प्रतिक्रियेचा संभव असतो. लहान मुलांना व गर्भिणीस ती देऊ नये. बृंहण म्हणून ती मेदस्वी रुग्णास सांगण्याचे प्रयोजन नाही.

समारोप

भल्लातकाचा दोष फळात नाही. फळाच्या तीन भागांना एकच समजण्यात आहे. कवच हे वैद्याच्या हातातील तीक्ष्ण शस्त्र आहे आणि ते शोधन, काल व पात्र यांच्या बंधनातच राहिले पाहिजे. मज्जा हा आहार आहे, पण कवचाचा डाग नसेल तरच.

औषधालयचालकांना आमचे तीन आग्रह आहेत : कच्चा बिब्बा किरकोळ ग्राहकास विकू नये, गोडंबी निवडून, संग्रहाचा हंगाम लिहून व कुलाच्या वावड्याची सूचना छापूनच विकावी, आणि ज्या हातांनी ती फोडली त्या हातांच्या रक्षणाचा खर्च मालाच्या किमतीत धरावा. वैद्यमित्रांनी उताराच्या प्रत्येक रुग्णाची तारीख, संपर्काचा प्रकार, लक्षणे व उपचार यांसह नोंद ठेवावी. अशा नोंदी एकत्र आल्या तर भल्लातकाविषयी भीती व बेफिकिरी या दोहोंच्या जागी अनुभवसिद्ध ज्ञान उभे राहील.